घरच्या कारखान्यात हंगामी सीएफओ घ्यावा का? बाहेरचा माणूस काही महिन्यांत नेमकं काय देऊन जातो?

चाकणची_लेक

नमस्कार मंडळी. आमचा चाकणला प्रेस पार्ट (प्रेस मशीनवर पत्रा दाबून केलेले भाग) आणि फॅब्रिकेशनचा कारखाना आहे. प्रायव्हेट लिमिटेड, पण घरचाच. बाबा आणि काका दोघं मिळून बघायचे. मे महिन्यात काकांना पॅरालिसिसचा झटका आला. बँक, वसुली, मोठ्या गिऱ्हाइकांशी दराची बोलणी हे सगळं त्यांच्याकडे होतं. बाबांचा जीव मशीनमध्ये, कागदात त्यांचं मन रमत नाही. मी एचआर बघते, चुलतभाऊ अजून शिकतोय.

ऑर्डरी भरपूर आहेत, माल रोज जातोय, तरी सीसी (बँकेचं कॅश क्रेडिट खातं) कायम लिमिटला टेकलेली असते आणि पगाराच्या आठवड्यात बाबांना झोप नसते. आमच्या सीएंनी सुचवलं की सहा-आठ महिन्यांसाठी एक अनुभवी सीएफओ (पैशाचा कारभार बघणारा मुख्य अधिकारी) हंगामी म्हणून घ्या, तोवर कायमचा माणूस शोधू. महिन्याचा आकडा ऐकून बाबा म्हणाले, "एवढ्यात वर्षभरात एक नवीन प्रेस येईल."

असा माणूस खरंच काही देऊन जातो का? की फक्त एक्सेल शीट आणि प्रेझेंटेशन? ज्यांनी असा माणूस घेतलाय किंवा जे स्वतः असं काम करतात त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

ताळेबंद

ताई, आधी काकांना लवकर बरं वाटो. मी हेच काम करतो, बहुतेक वेळा ऑटो कंपोनंटच्या मध्यम कारखान्यांत. म्हणून तुमच्या कारखान्यात पहिल्या महिन्यात काय करीन तेवढंच सांगतो.

पहिलं काम म्हणजे पुढच्या तेरा आठवड्यांचा रोकडीचा तक्ता. नफ्यातोट्याचा नाही, फक्त रोकडीचा. कुठल्या आठवड्यात कुणाकडून किती येणार, कुणाला किती जाणार, आणि पगार, पीएफ, जीएसटी, वीजबिल, टर्म लोनचा हप्ता कुठल्या तारखांना. हा तक्ता दर सोमवारी सकाळी बसून भरायचा आणि मागच्या सोमवारी काय लिहिलं होतं, प्रत्यक्षात काय झालं हे शेजारी मांडायचं. पहिले दोन-तीन सोमवार तक्ता साफ चुकतो. चुकला की कोण "येतील हो पैसे" असं नुसतं म्हणत होतं ते कळतं. त्यानंतर तो बरोबर यायला लागतो.

दुसरं काम येणी उलगडायची. तुमच्यासारख्या ठिकाणी पैसे गिऱ्हाइकाने बुडवलेले नसतात, कागदात अडकलेले असतात. माल गेलेला असतो, पण जीआरएन (गिऱ्हाइकाकडची माल मिळाल्याची नोंद) झालेला नसतो, कारण चलनावरची संख्या आणि पोर्टलवरची संख्या जुळत नाही. रिजेक्शनच्या डेबिट नोटा (पैसे कापल्याच्या चिठ्ठ्या) आलेल्या असतात, पण तो माल परत आला का, कुणी मोजला का, याचा पत्ता नसतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट, दराची अमेंडमेंट, म्हणजे ठरलेल्या दरात केलेला बदल. स्टील महागलं की गिऱ्हाईक वाढीव दर मागच्या तारखेपासून देतं, पण त्यासाठी पार्ट नंबरनिहाय फरक काढून सप्लिमेंटरी बिल आपल्याला टाकावं लागतं. हे किचकट, कंटाळवाणं काम आहे. काकांसारखा एकच माणूस ते डोक्यात ठेवून करत असतो आणि तो आजारी पडला की त्या दिवसापासून ते थांबतं. स्टील स्वस्त झालं की मात्र गिऱ्हाईक आपली डेबिट नोट त्याच महिन्यात टाकतं. असे वर्ष-वर्षाचे फरक मी फाइलींतून काढलेत, आणि एकेका ठिकाणी ती रक्कम माझ्या सगळ्या फीपेक्षा मोठी निघालीय.

तिसरं काम बँक. स्टॉक स्टेटमेंट (माल आणि येणी यांचा बँकेला द्यायचा तक्ता) वेळेवर आणि खरं जायला हवं. नव्वद दिवसांच्या वरची येणी बरेचदा ड्रॉइंग पॉवरमध्ये (प्रत्यक्ष किती उचलता येईल त्या आकड्यात) धरत नाहीत, त्यामुळे येणी जुनी झाली की लिमिट मंजूर असूनही हाती कमी येतं. ऑर्डरी असून सीसी टेकलेली, याचं कारण बहुधा इथेच सापडेल.

यातलं काहीही घरच्या माणसाला जमणार नाही असं नाही. अडचण अशी की घरच्या माणसाला वीस वर्षांच्या गिऱ्हाइकाच्या परचेस मॅनेजरला "माझे पैसे द्या" म्हणायला संकोच वाटतो. मला तिथे पुढची वीस वर्षं काढायची नसतात, मी विचारतो.

हिंजवडी_फेज१

चांगला विषय. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या देशात घडलेलं आहे आणि त्याचा शेवट पुण्याशी जोडलेला आहे, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

7 जानेवारी 2009. सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांचं पत्र बाहेर आलं. ताळेबंदात दाखवलेल्या रोख आणि बँकशिल्लकीपैकी 5,040 कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. पन्नास हजारांच्या आसपास नोकरदार, जगभरातली गिऱ्हाइकं आणि तिजोरी रिकामी. आम्ही तेव्हा हिंजवडीत दुसऱ्या कंपनीत होतो. कँटीनमध्ये दुसरा विषय नव्हता, कारण प्रत्येकाचा कुणी ना कुणी मित्र तिथे होता.

केंद्र सरकारने कंपनी लॉ बोर्डामार्फत जुनं संचालक मंडळ दूर केलं. 11 जानेवारीला दीपक पारेख, किरण कर्णिक आणि सी. अच्युतन यांना नेमलं. चार दिवसांनी तरुण दास, टी. एन. मनोहरन आणि एलआयसीचे एस. बी. मैनाक आले. यांच्यापैकी कुणालाही सत्यम आयुष्यभर चालवायची नव्हती. कंपनी जिवंत ठेवून योग्य हातात द्यायची, एवढंच काम.

आता त्यांनी कामं कुठल्या क्रमाने केली ते बघा. एवढा घोटाळा झाल्यावर कुणालाही वाटेल की आधी हिशेब शोधून काढावा. त्यांनी ते काम वेगळ्या ऑडिटरांकडे सोपवलं आणि स्वतः दोनच गोष्टींना हात घातला, पगार आणि गिऱ्हाईक. येणी वसूल करून जानेवारीचा पगार काढला. पुढच्या खर्चासाठी बँकांकडून सुमारे 600 कोटींचं कर्ज उभं केलं. 5 फेब्रुवारीला ए. एस. मूर्ती यांना सीईओ केलं. ते 1994 पासून सत्यममध्येच होते, डिलिव्हरी सांभाळायचे, गिऱ्हाइकं त्यांना ओळखत होती. सोबत होमी खुसरोखान आणि पार्थो दत्ता हे बाहेरचे दोन अनुभवी सल्लागार दिले. घरातला माणूस गिऱ्हाइकासमोर आणि बाहेरची नजर पैशावर, ही जोडी मला आजही फार विचारपूर्वक केलेली वाटते.

मग लिलाव. माजी सरन्यायाधीश एस. पी. भरुचा यांच्या देखरेखीखाली. 13 एप्रिलला टेक महिंद्रची बोली जिंकली, शेअरला 58 रुपये. दुसऱ्या नंबरवरच्या लार्सन अँड टुब्रोची 45.90 होती. पुण्याच्या कंपनीने हैदराबादची कंपनी घेतली. नव्या मंडळाच्या पहिल्या नेमणुकीपासून जेमतेम तीन महिने.

आणि फेरमांडणी केलेले हिशेब कधी आले? सप्टेंबर 2010 मध्ये. म्हणजे कंपनी विकली गेली तेव्हा खरा ताळेबंद कुणाच्याच हातात नव्हता. घेणाऱ्याने 58 रुपये कशाचे मोजले? माणसं जागेवर होती, कामं चालू होती, आणि विकणाऱ्यांच्या शब्दावर विश्वास ठेवता येत होता. हिशेब लागेपर्यंत थांबले असते तर विकायला इमारती आणि कोर्टकचेऱ्याच उरल्या असत्या.

ताई, तुमच्याकडे सुदैवाने घोटाळा नाही. पण क्रम हाच ठेवा. आधी पगाराची तारीख आणि गिऱ्हाइकाचा डिस्पॅच, बाकी सगळं नंतर.

सातारकर

वरचं वाचून फार सोपं वाटेल म्हणून दुसरी बाजू लिहितो.

मी ज्या कारखान्यात मेंटेनन्सला होतो (नाव लिहीत नाही) तिथे मालकांनी असाच एक ऑपरेशन्स हेड आणला होता, ठरावीक मुदतीसाठी. खर्च जितका कमी करील त्याच्या टक्क्यावर त्याचे पैसे ठरले होते. त्याने काय केलं? स्टोअरमधले स्पेअर "पडून असलेला पैसा" म्हणून काढून टाकले. प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सचे दिवस निम्मे केले. टूलरूममधल्या दोन जुन्या माणसांना व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) दिली. वर्षअखेरीला आकडे झकास दिसले, मालक खूश, त्याचे पैसे घेऊन तो गेला.

नंतरच्या पावसाळ्यात मोठ्या प्रेसचा क्लच गेला. स्पेअर नाही, आणि ती प्रेस ज्यांच्या हाताखालची होती ती दोन माणसं घरी बसलेली. लाइन बंद, गिऱ्हाइकाने लाइन स्टॉपेजचा दंड लावला. टूलरूमच्या त्या माणसांपैकी एकाला मालकांनी स्वतः घरी जाऊन परत बोलावलं. तो आला, कारण माणूस चांगला होता. पण हे सगळं टाळता आलं असतं.

थोडे दिवस येणाऱ्याला परिणाम भोगायचे नसतात. ताळेबंद यांना ज्या गोष्टीमुळे बळ मिळतं त्याच गोष्टीमुळे दुसरा कुणी नुकसान करून जाऊ शकतो.

ताळेबंद

सातारकर, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. मी ज्यांना काम देतो-घेतो त्या सगळ्यांना हेच सांगतो.

फी कधीही खर्चकपातीच्या टक्क्यावर ठरवू नका. महिन्याची ठरीव रक्कम द्या. थोडा भाग राखून ठेवायचाच असेल तर तो निघून गेल्यानंतर काही महिन्यांनी द्या, आणि तोही तीन-चार साध्या गोष्टींवर: बँकेत खातं नियमित आहे का, जुनी येणी किती उरली, नेमलेला कायमचा माणूस टिकला का, गिऱ्हाइकाच्या डिलिव्हरी रेटिंगला धक्का लागला का. सातारकरांच्या गोष्टीतल्या माणसाचे पैसे असे अडकलेले असते तर स्पेअर विकताना त्याने दहा वेळा विचार केला असता.

शिवाय नेमणुकीच्या पत्रात लिहा की कुठल्या गोष्टींना हात लावायचा नाही. मेंटेनन्स, सेफ्टी, टूलरूमची माणसं, जुन्या सप्लायरांचे पैसे. यातलं काही बदलायचं तर बाबांची सही लागेल.

बँकवाले_काका

आयुष्य बँकेत गेलं, आता निवृत्त आहे. आमच्या क्षेत्रात हंगामी माणसांचे दाखले भरपूर आहेत आणि ते सगळेच गोड नाहीत.

येस बँक घ्या. 5 मार्च 2020 ला रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बाजूला केलं, पैसे काढण्यावर 50,000 ची मर्यादा घातली आणि स्टेट बँकेचे माजी सीएफओ प्रशांत कुमार यांना प्रशासक नेमलं. 18 मार्चला निर्बंध उठले. इतक्या लवकर का? कारण माणसाबरोबर भांडवलही आलं, स्टेट बँक आणि इतर बँकांचं. पुढे तेच प्रशांत कुमार बँकेचे एमडी आणि सीईओ झाले आणि त्यांनी बरीच वर्षं बँक चालवली.

आता पीएमसी बँक. सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला एका खातेदाराला हजार रुपये काढता येत होते. तिथेही प्रशासक होते आणि त्यांनी प्रामाणिकपणे काम केलं असेल. पण बँकेत खड्डा पडलेला आणि भरायला कुणी तयार नाही. युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीनीकरण व्हायला 25 जानेवारी 2022 उजाडला. मुलुंड-भांडुपपासून ठाण्यापर्यंत किती मध्यमवर्गीय घरांनी त्या काळात काय सोसलं हे मी जवळून पाहिलंय. आजारपणाचे पैसे, मुलीच्या लग्नाचे पैसे, निवृत्तीची पुंजी. प्रशासक असला म्हणून पैसा निर्माण होत नाही. तो फक्त आणखी गळती थांबवू शकतो.

आयएल अँड एफएसचा दाखला तुमच्या जास्त उपयोगाचा. ऑक्टोबर 2018 मध्ये सरकारने नेमलेल्या मंडळाचे अध्यक्ष उदय कोटक होते. कर्ज 90 हजार कोटींच्या वर आणि कंपन्या तीनशेहून अधिक. कुणाचे पैसे द्यायचे, कुणाचे थांबवायचे? त्यांनी कंपन्यांचे तीन रंग केले. सगळी देणी देऊ शकतात त्या हिरव्या. रोजच्या कामकाजाची देणी आणि तारण असलेले बडे धनको (कर्ज देणारे) एवढ्यापुरतं भागवू शकतात त्या पिवळसर. तेही जमत नाही त्या लाल. एवढ्या गोंधळात प्रत्येक धनकोला आपण कुठे उभे आहोत हे कळलं. तुमच्या सप्लायरांची यादी घेऊन बसा आणि अशीच वर्गवारी करा. लहान जॉबवर्कवाला, ज्याच्या घरी तुमच्या चेकवर चूल पेटते, तो सगळ्यात वर ठेवा. 2023-24 या आर्थिक वर्षापासून नियमही तसाच आहे, सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी आयकरात वजा मिळत नाही, पैसे देऊ त्या वर्षी मिळतो.

आणि एक मनात सलणारं. आपल्या राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळ मे 2011 मध्ये बरखास्त झालं आणि बँक एक तपाहून जास्त काळ प्रशासकीय मंडळाच्या हाती राहिली. आर्थिकदृष्ट्या ती सावरली, नफ्यात आली, याचं श्रेय तिथल्या प्रशासकांना आणि कर्मचाऱ्यांना द्यायलाच हवं. पण ज्या संस्थेचे मालक सभासद आहेत तिथे निवडून आलेलं मंडळ इतकी वर्षं नसावं हे मला पटत नाही. हंगामी माणूस उत्तम काम करतो म्हणून तोच चालू राहू दे, ही सवय लागते. त्याला जाण्याची तारीख पाहिजे.

मेघना_सीए

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण धागा वाचणाऱ्या इतरांनाही लागेल.

चाकणची_लेक, तुमची प्रायव्हेट लिमिटेड आहे, त्यामुळे सीएफओ नेमायची कायद्याची सक्ती तुम्हाला नाही आणि हंगामी घ्यायला अडचणही नाही. लिस्टेड कंपन्या आणि दहा कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या पब्लिक कंपन्या यांना कंपनी कायदा 2013 च्या कलम 203 प्रमाणे सीईओ किंवा एमडी, सीएफओ, कंपनी सेक्रेटरी पूर्णवेळ लागतात आणि जागा रिकामी झाली तर सहा महिन्यांत भरावी लागते. लिस्टेड कंपन्यांसाठी सेबीने 2023 मध्ये मुदत सर्वसाधारणपणे तीन महिन्यांवर आणली. आणि नुसता "हंगामी" शिक्का मारून जागा भरल्याचं दाखवता येत नाही. कायमच्या नेमणुकीला जे नियम तेच हंगामी नेमणुकीलाही.

तुमच्यासाठी महत्त्वाचं: बोर्डाचा ठराव करा. त्यात बँकेशी बोलण्याचा अधिकार, किती रकमेपर्यंत पेमेंट मंजूर करायचं, कुणाला रिपोर्ट करायचं, कधीपर्यंत, हे स्पष्ट लिहा. पहिल्याच आठवड्यात बाबांनी त्यांना स्वतः सोबत घेऊन ब्रँच मॅनेजरला भेटावं. चेकवर मात्र दोन सह्या ठेवा, त्यातली एक घरची. त्यांना डायरेक्टर करू नका, गरज नाही.

आइंडहोवनहून

इकडे नेदरलँड्समध्ये "इंटरिम मॅनेजर" हा सर्रास चालणारा पेशा आहे. 1970 च्या दशकात इथूनच तो वाढला असं मानतात, कारण कायमच्या माणसाला काढणं कायद्याने अवघड, म्हणून अडचणीच्या काळापुरता अनुभवी माणूस घेण्याची पद्धत पडली.

माझ्या डिपार्टमेंटला आमची डायरेक्टर बाळंतपणाच्या रजेवर गेली तेव्हा अशी एक बाई आली होती. पन्नाशीच्या पुढची, याआधी याच्यापेक्षा मोठी डिपार्टमेंट चालवलेली. इथे बहुधा असंच बघतात, कामाच्या मानाने माणूस थोडा जास्तच अनुभवी हवा, कारण शिकायला वेळ नसतो. तिने पहिल्या आठवड्यात एकही निर्णय घेतला नाही. प्रत्येकाशी अर्धा तास बोलली आणि एकच प्रश्न विचारला: "तुमच्याकडे असं काय आहे जे तुम्ही वर सांगितलंय आणि त्यावर काहीच झालं नाही?" त्या उत्तरांवर तिचं पुढचं सगळं काम उभं राहिलं. आम्ही तिला मोकळेपणाने सांगू शकलो, कारण आमचं प्रमोशन तिच्या हातात नव्हतं.

आपल्याकडे इन्फोसिसमध्ये 2017 साली विशाल सिक्कांनी राजीनामा दिल्यावर प्रवीण राव हंगामी सीईओ झाले. जानेवारी 2018 मध्ये सलील पारेख आले आणि राव शांतपणे आपल्या सीओओच्या कामावर परत गेले. खुर्चीवरून उठून परत आपल्या जागी बसता येणं, हा मनाचा मोठेपणा आहे. घरातलाच कुणी हंगामी म्हणून बसवणार असाल तर हा स्वभाव आधी बघा.

शिफ्ट_सुपरवायझर

मी मालक नाही, नोकरदार आहे, रांजणगावला. आमच्या बाजूने पण कुणीतरी लिहावं म्हणून.

नवीन साहेब आले की शॉप फ्लोअरवर पहिली बातमी पसरते ती माणसं काढणार याचीच. मग चांगली माणसं आधी जातात, कारण चाकण-रांजणगावला चांगल्या सेटरला दुसऱ्या दिवशी काम मिळतं. जे राहतात ते जपून काम करतात, चूक झाली तर लपवतात. त्यामुळे रिजेक्शन वाढतं.

आमच्याकडे जे साहेब आले होते त्यांनी पहिल्याच दिवशी तिन्ही शिफ्टच्या गेट मीटिंगला येऊन सांगितलं की पगार सात तारखेला होणार, कॉन्ट्रॅक्टच्या पोरांचा पण, आणि पुढच्या तीन महिन्यांत कुणाला काढायचं नाही असं मालकांकडून लिहून घेतलंय. रात्रपाळीच्या मीटिंगला पण आले, हे सगळ्यांनी बघितलं. सात तारखेला पगार झाला. त्यानंतर लोक आपणहून सांगायला लागले की या डायमध्ये बर (पार्टच्या कडेला नको असलेली धार) येतोय, त्या वेल्डिंग फिक्श्चरची पिन झिजलीय. हे आधीही माहीत होतं, पण ऐकायला कुणी नव्हतं.

ताई, तुम्ही एचआर बघता, तर हे काम तुमचंच आहे.

चाकणची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. शिफ्ट_सुपरवायझर दादा, तुमचा प्रतिसाद मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवला.

आता खरी अडचण सांगते. काका शुद्धीत आहेत, बोलणं थोडं अडखळतं, पण डोकं पूर्ण ठिकाणावर आहे. काकूंना वाटतं की बाहेरचा माणूस आणणं म्हणजे काकांची खुर्ची काढून घेणं. बाबांनाही भावाचं मन मोडायचं नाही. पैशाच्या प्रश्नापेक्षा हा प्रश्न मला मोठा वाटतो. कुणी यातून गेलंय का?

शिरोलीची_वहिनी

मी गेलेय गं. आमची कोल्हापूरला फौंड्री आहे. आमच्याकडे थोरले दीर अचानक अंथरुणाला खिळले आणि आम्हीही बाहेरचा माणूस आणला.

घरात पहिल्यांदा अबोला झालाच. आम्ही एक केलं. त्या गृहस्थांना कारखान्यात पाऊल ठेवण्याआधी दिरांना भेटायला घरी आणलं. नुसतं नमस्कार करायला नाही, काम शिकायला. ते रोज संध्याकाळी वही घेऊन पलंगाशेजारी बसायचे. कुठल्या गिऱ्हाइकाला कुठल्या वारी फोन करायचा, कोण चेक देतो आणि कोण नुसता शब्द देतो, पिग आयर्नचा कुठला व्यापारी अडचणीत उधार देतो, कोणाशी तोंडी काय ठरलंय. दिरांनी तीस वर्षं डोक्यात ठेवलेलं सगळं त्या वहीत उतरलं. दीरही उभारी धरायला लागले, कारण रोज कुणीतरी त्यांना विचारायला येत होतं. जाऊबाईंचा राग तिथेच ओसरला.

वहीत एक गोष्ट अशी निघाली की एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे आमची पॅटर्न (ओतकामाचा साचा करायचे नमुने) पडून होती, त्यांच्या नव्हे, आमच्या पैशांनी केलेली. त्याचा कागद कुठेच नव्हता, फक्त दिरांना माहीत. ती परत आली तेव्हा त्यावर दुसऱ्या गिऱ्हाइकाचं काम घेता आलं.

आणि आम्ही दिरांच्या केबिनला हात लावला नाही. त्या गृहस्थांनी स्वतःच सांगितलं, मला अकाउंट्समध्ये टेबल द्या. त्यांच्या बसण्याने अकाउंट्समधलं वातावरणही बदललं, चहाच्या वेळा आपोआप आखूड झाल्या.

ते गेले तेव्हा दोन महिने आधीपासून कायमचा माणूस त्यांच्याबरोबर बसत होता. शेवटच्या महिन्यात सोमवारची मीटिंग नव्याने आलेला मुलगा घ्यायचा, ते नुसते ऐकायचे. पुढेही ती मीटिंग त्यांच्यावाचून चालू राहिली. मला विचारशील तर आमचे पैसे तिथे वसूल झाले.

ताळेबंद

वहिनी, ती वही मी पुढच्या कामापासून वापरणार. आम्ही लोक आल्याआल्या सिस्टममध्ये डेटा शोधतो आणि अर्धी कंपनी एका माणसाच्या आठवणीत असते.

ताई, बाबांच्या नव्या प्रेसबद्दल. प्रेस आली तर उत्पादन वाढेल, उत्पादन वाढलं की कच्चा माल जास्त लागेल, येणी वाढतील आणि आजच टेकलेली सीसी आणखी ताणली जाईल. आधी अडकलेला पैसा मोकळा करा. प्रेस त्याच्याच पैशांतून येऊ शकते, आणि तेव्हा बँकही हसत टर्म लोन देईल.

बँकवाले_काका

अनुमोदन. आणि ताई, एक लक्षात ठेवा, हप्ता किंवा व्याज तीस दिवसांच्या वर थकलं की खातं बँकेच्या अडचणीतल्या खात्यांच्या यादीत वरच्या खान्यात सरकतं, साठच्या वर आणखी पुढे, नव्वद ओलांडले की एनपीए (थकीत कर्ज). त्याआधी जो येऊन खरी परिस्थिती सांगतो त्याच्यासाठी बँकेच्या हातात बरंच काही असतं. नंतर फार थोडं उरतं.

चाकणची_लेक

अपडेट. काकांशी बोललो. ते म्हणाले, "माणूस आणा, पण मला आधी भेटू दे." सीएंनी सुचवलेले गृहस्थ काल घरी आले, काकांशी जवळपास दोन तास बोलले, वही घेऊनच आले होते (मी आधी सांगून ठेवलं होतं, वहिनी). काकूंनी त्यांना जेवायला थांबवलं.

ठरलं ते असं. सहा महिने, तिसऱ्या महिन्याला आढावा. ठरीव फी, त्यातला एक भाग ते गेल्यानंतर चार महिन्यांनी. मेंटेनन्स, टूलरूम आणि छोट्या जॉबवर्कवाल्यांचे पैसे बाबांच्या सहीशिवाय बदलायचे नाहीत. चेकवर बाबांची सही राहणार. चुलतभाऊ कॉलेज सांभाळून सोमवारच्या मीटिंगला बसणार. पगाराच्या तारखेचं मी तिन्ही शिफ्टला सांगितलंय.

आता एक प्रश्न ताळेबंद यांना. काकांच्या कपाटात अमेंडमेंटची जाड फाइल सापडलीय, दोन वर्षांपूर्वीच्या तारखांची पत्रं आहेत. इतकं मागचं गिऱ्हाईक देईल का?

ताळेबंद

देतात, पण थेट बिल टाकू नका. आधी पार्ट नंबर, जुना दर, नवा दर, लागू तारीख आणि त्या काळात गेलेली संख्या असा तक्ता करा. संख्या आपल्या चलनांवरून नाही, त्यांच्या जीआरएनवरून घ्या, म्हणजे वादच उरत नाही. त्याच काळात स्टील उतरल्याची काही अमेंडमेंट असेल तर तीही प्रामाणिकपणे त्याच तक्त्यात वजा दाखवा. मग परचेसकडे नेऊन त्यांच्याकडून ईमेलवर मान्यता घ्या. डेबिट नोट काढायची की सप्लिमेंटरी बिल आणि जीएसटी कसा दाखवायचा हे मेघना किंवा तुमचे सीए सांगतील. वर्षअखेरीला त्यांची पुस्तकं बंद व्हायच्या आत हे करा, नंतर मागच्या वर्षाची तरतूद नाही म्हणून अडवतात.

सुरुवात सगळ्यात मोठ्या पाच पार्ट नंबरांपासून करा. आणि ती पत्रं घेऊन आधी काकांकडे जा. प्रत्येक पत्रावर कुणाशी काय बोलणं झालं होतं ते त्यांना आठवत असेल.